सासऱ्यांच्या शिड्यांची वेबसाइट

सासऱ्याला गिऱ्हाईक करू नये, हे जावईबापूंना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर घरच्यांवर सुरी चालवत नाहीत, वकील भावाभावांचे खटले घेत नाहीत, आणि शहाणा शिंपी बायकोचा ब्लाउज बाहेर शिवायला देतो. पण रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर सासऱ्यांनी हात पुसत पुसत, "आमच्याही दुकानाची एक वेबसाइट करून टाका जावईबापू, तुम्हाला काय, बसल्या बसल्या होईल," असं म्हटलं तेव्हा बायको समोर बसली होती, सासूबाई बाजूला होत्या आणि पळायला दार एकच होतं, तेही सासऱ्यांच्या पाठीमागे. जावईबापू हो म्हणाले.

'बसल्या बसल्या' हे मात्र त्यांना लागलं. लग्न झाल्यापासून सासऱ्यांच्या मनात जावयाच्या पोटापाण्याविषयी एक शंका घर करून होती. माणूस सकाळी जातो, दिवसभर खुर्चीत बसतो, संध्याकाळी हातात दाखवायला काही नसतं आणि तरी म्हणतो दमलो. सासऱ्यांचं शिड्यांचं दुकान होतं. त्यांनी बनवलेली वस्तू उभी राहायची, त्यावर माणसं चढायची, ते काम. जावई काय करतात असं कोणी विचारलं तर ते "कॉम्प्युटरपाशी असतात" एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे. जावईबापूंची स्वतःची छोटी कंपनी होती, ती व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनवायची, हाताखाली दोन माणसं होती, दारावर पाटी होती. जगाकडून त्यांना फार काही नको होतं. सासऱ्यांनी या सगळ्याला एकदा, निदान एकदा, 'काम' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आता ती पुरी करायची संधी चालून आली आहे असं त्यांना त्या दुपारी वाटलं. जेवणानंतर माणसाला काहीही वाटतं.

कंपनीची एक पद्धत होती आणि जावईबापूंचा तिच्यावर फार जीव होता. आधी मालकाला समजून घ्यायचं, मग त्याच्या गिऱ्हाइकाला. मग कोणतं पान कुठे असेल, याच्या चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवून नकाशा करायचा. मग नुसत्या करड्या चौकटींचा कच्चा आराखडा. तो मंजूर झाला की रंग, अक्षरं, फोटो. मग बांधणी, मग तपासणी, आणि सगळ्यात शेवटी वेबसाइट लोकांसाठी खुली. मालकाचा होकार आल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जायचं नाही. "शिडी चढल्यासारखं असतं," असं ते नव्या गिऱ्हाइकांना समजावायचे. सवयीने तेच सासऱ्यांनाही समजावून बसले.

"शिडी एकेक पायरीच चढतात," सासरे म्हणाले. "त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

ही पहिली बैठक दुकानातच झाली. दुकान लांबट आणि अरुंद. दोन्ही भिंतींना शिड्या टेकवलेल्या, त्यामुळे गिऱ्हाइकाला आडवं होऊन आत यावं लागे. टोकाला सासऱ्यांचं टेबल आणि त्यामागे कारखाना, जिथून अॅल्युमिनियम कापल्याचा आवाज अशा वेळी यायचा की नेमका महत्त्वाचा शब्द बुडावा. जावईबापूंनी फाइल उघडली आणि कंपनीच्या पद्धतीतला पहिला प्रश्न विचारला. वेबसाइटचं उद्दिष्ट काय?

"शिड्या."

"तसं नाही बाबा. म्हणजे वेबसाइट झाल्यावर काय व्हावं असं तुम्हाला वाटतं? विक्री वाढावी?"

"विक्री आहे तेवढी पुरे," सासरे म्हणाले. "चुकीची माणसं शिडी घेऊन जातात, ते थांबलं पाहिजे."

हे ऐकून जावईबापूंनी खरं तर तेव्हाच फाइल मिटायला हवी होती. तेवढ्यात एक गृहस्थ आडवे होत आत आले. त्यांना माळ्यावरच्या बॅगा काढायला शिडी हवी होती. सासऱ्यांनी त्यांना बसवलं. माळा किती उंच, खालची फरशी गुळगुळीत का, बॅगेचं वजन काय, ती डोक्यावर घेऊन उतरणार की खाली कोणाच्या हातात देणार, असं बरंच विचारलं. शेवटी म्हणाले, "तुम्हाला शिडी नको. दोन पायऱ्यांचं स्टूल घ्या, मागच्या गल्लीत मिळेल." गृहस्थ आभार मानून रिकाम्या हाताने गेले. जावईबापू बघत राहिले. दारात पैसे घेऊन आलेला माणूस परत पाठवायचा आणि वर त्याच्याकडून आभार घ्यायचे, ही कला त्यांच्या कंपनीला अजून साधली नव्हती.

कच्चा आराखडा दाखवायला जावईबापू आपल्या डिझायनर मुलीला घेऊन गेले. ही मुलगी गुणी होती, पण तिच्या चौकटीला कोणी बोट लावलं की तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. कागदावर फक्त करड्या चौकटी होत्या. इथे फोटो, इथे मजकूर, इथे बटण. सासऱ्यांनी कागद उलटा करून पाहिला, पाठीमागून पाहिला.

"रिकामेच डबे आहेत की."

"रंग पुढच्या टप्प्याला येतो बाबा. आधी रचना."

एवढ्यात शेजारचा रंगवाला आला. त्याचं रंगांचं दुकान भिंतीला भिंत लागून होतं आणि सल्ला द्यायला तो दिवसातून कितीही वेळा यायचा. त्याने कागद हातात घेतला, लांब धरला आणि हा करडा चालणार नाही, बाहेरच्या भिंतीला करडा लवकर मळतो, असं ठाम मत दिलं. डिझायनरने हा रंग नाही, ही नुसती जागा आहे, असं सांगितलं. "जागा कसली, डाग दिसतील डाग," रंगवाला म्हणाला, आणि पिवळा सुचवून गेला. जाताना त्याच्या भाच्याने एका तासात वेबसाइट करून दिली होती हेही त्याने सांगितलं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या शेजारी असा एक भाचा असतो. तो कधी कोणाला दिसत नाही, पण त्याच्या एका तासापुढे कंपनीचे दोन महिने नेहमी खोटे पडतात. मुलीच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये एक घोडा येऊन पडला. घोडा म्हणजे दोन्ही बाजूंनी चढता येणारी, मधे घडी होणारी शिडी. सोबत निरोप होता की आधी माल समजून घ्या, मग चौकटी काढा. ऑफिस एका दातांच्या दवाखान्यावर, एका खोलीचं. घोडा उघडला की दार उघडेना आणि दार उघडलं की घोडा मिटेना. आधीच तीन वेबसाइटचं काम तुंबलं होतं. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, असं जावईबापू मनाशी म्हणाले, पण घोडं खुद्द सासऱ्यांनी धाडलं होतं, त्यामुळे उघड बोलायचीही सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दुपारी दवाखान्यातली बाई वर येऊन म्हणाली की घोडा सरकवू नका, खाली पेशंट दचकतात.

फोटोंचं प्रकरण वेगळंच. शिडीचा फोटो काढला की तो शिडीचा येतो. दहा शिड्यांचे काढले तरी एकाच शिडीचे दहा काढल्यासारखे दिसतात. डिझायनर म्हणाली, माणूस हवा, हसतमुख माणूस शिडीवर चढताना दाखवू. फोटोवाल्याने एक देखणा तरुण आणला. त्याच्या पायात गुळगुळीत तळव्यांचे बूट होते. सासऱ्यांनी त्याला बूट काढायला लावले, मग अनवाणी पाय दांड्यावर कसा ठेवायचा ते शिकवलं, मग तो एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने कॅमेऱ्याला हात करू लागला तेव्हा त्याला खाली उतरवलं. शिडीवर हात करायचे नसतात. हसायचंही नसतं, चढणाऱ्याने समोर बघायचं. शेवटी सासरे स्वतः चढले. सगळ्या फोटोंत त्यांची पाठ आली. वेबसाइटच्या पहिल्या पानावर आज जी पाठ दिसते ती त्यांचीच आहे.

पैसे ऑनलाइन घ्यायचे तर बँकेची तपासणी लागते. बँकेतून एक टाय लावलेला अधिकारी आला आणि त्याने माल परत घेण्याचे नियम मागितले. जावईबापू म्हणाले, साधं आहे, पंधरा दिवसांत परत घेऊ असं लिहू.

"शिडी परत का येईल?" सासऱ्यांनी विचारलं.

"समजा आवडली नाही."

"शिडी काय आवडायची गोष्ट आहे? परत आली याचा अर्थ कोणीतरी पडलं. लिहा, शिडी परत घेऊ, पण आधी पडलेल्या माणसाला भेटायला येऊ."

अधिकाऱ्याने हे लिहून घेतलं नाही. उलट त्याने दुकानाचा परवाना पाहिला आणि त्यात 'लाकडी सामान' असं लिहिलंय, इथे तर बहुतेक माल अॅल्युमिनियमचा दिसतो, असं निदान केलं. परवाना दुरुस्त केल्याशिवाय पुढे काही होणार नाही. म्हणजे आगीतून फुफाट्यात. जावईबापू सासऱ्यांना घेऊन परवाना कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाला मोठा तात्त्विक प्रश्न पडला. शिडी फर्निचरमध्ये मोडते की अवजारात? घरात ठेवतात म्हणजे फर्निचर. पण फर्निचरवर माणूस बसतो. शिडीवर कोणी बसत नाही. त्याने शेजारच्या टेबलाला विचारलं, त्या टेबलाने आतल्या केबिनला, आणि केबिन जेवायला गेली होती. दुपारनंतर असं ठरलं की शिडी 'इतर' मध्ये मोडते. फक्त मूळ परवान्याचं कागदपत्र पाहिजे, आणि ते रॅकच्या सगळ्यात वरच्या खणात होतं. कारकुनाने चाकाची खुर्ची ओढली आणि एक पाय वर ठेवला.

सासऱ्यांनी त्याचं मनगट धरलं. "चाकाच्या खुर्चीवर चढू देणार नाही."

"रोजच चढतो हो."

"रोज पडला नाहीत, एवढंच."

झालं. काम हातातोंडाशी आलं होतं आणि सासरे हटेनात. कार्यालयात शिडी नव्हती. शिडी मागवायची तर मागणीपत्र, त्यावर केबिनची सही. जावईबापू हात जोडून म्हणाले, बाबा, एकदा चढू दे त्यांना. सासऱ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बाकावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सासरे दुकानातून शिडी घेऊन आले, कागद निघाला, परवाना दुरुस्त झाला आणि जाताना फाटकावरच्या पहारेकऱ्याने शिडी अडवली. कार्यालयातून सामान बाहेर न्यायचं तर पास लागतो. ती शिडी अजून तिथेच आहे. सासऱ्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. निदान तो कारकून तरी वाचला, असं त्यांनी सांगितलं. जावईबापूंचं काय वाचलं, हे त्यांनी विचारलं नाही.

आता बांधणी. बांधणीचं काम कंपनीतल्या प्रोग्रामरकडे होतं. त्याला सगळे मौनीबाबा म्हणत, कारण तो दिवसाकाठी फार तर एक वाक्य बोलायचा आणि तेही सहसा चहाविषयी असायचं. त्याने प्रत्येक शिडीखाली 'विकत घ्या' असं बटण ठेवलं. सासऱ्यांनी ते बटण पाहिलं आणि ते गप्प झाले. सासरे गप्प झाले की सासूबाई पंखा बंद करायच्या, इतकी ती गंभीर गोष्ट असायची.

"कोणीही दाबेल आणि शिडी त्याच्या घरी जाईल?"

"हो बाबा. तेच तर."

"त्याला बघितल्याशिवाय?"

"सगळ्या जगात अशीच विक्री होते."

"म्हणूनच सगळ्या जगात लोक पडतात."

मग सासऱ्यांनी अट घातली. दुकानात ते गिऱ्हाइकाला जे विचारतात ते वेबसाइटनेही विचारलं पाहिजे, आणि उत्तर पटलं तरच बटण दिसलं पाहिजे. जावईबापूंच्या पद्धतीत नेमकं याच्या उलट लिहिलं होतं. प्रत्येक प्रश्नागणिक निम्मी गिऱ्हाइकं गळतात. माणूस तीन टिचक्यांत मालापर्यंत पोचला पाहिजे. त्यांनी हे आलेख काढून समजावलं. सासऱ्यांनी आलेख नीट पाहिला. "तीन टिचक्यांत माणूस वर पोचतो," ते म्हणाले, "आणि खालीसुद्धा."

घरी बायकोसमोर जावईबापूंनी डोकं धरलं. "तुझ्या बाबांना शिड्या विकायच्याच नाहीत. मग हे सगळं कशासाठी चाललंय?"

"तूच म्हणतोस ना, आधी मालकाला समजून घ्यायचं," बायको म्हणाली. "मग घे की. मी तीस वर्षं घेतेय."

तर प्रश्न आले. छत किती उंच? फरशी ओली असते का? पायात काय घालता? चक्कर येते का? इथवर ठीक होतं. मग सासऱ्यांना रोज नवीन सुचू लागलं आणि ते थेट मौनीबाबाला फोन करू लागले, कारण मौनीबाबा वाद घालत नसे. लोक वजन खोटं सांगतात, म्हणून वजनानंतर कमरेचा पट्टा कितव्या भोकात लावता हा प्रश्न आला. खाली शिडी धरायला कोण आहे, हा आला. त्यापाठोपाठ, तो माणूस सध्या तुमच्याशी बोलतो का, हा आला. भांडलेला माणूस शिडी धरताना मुद्दाम दुसरीकडे बघतो, असा सासऱ्यांचा अनुभव होता. प्रत्येक चुकीच्या उत्तराला नकार, आणि तो नकार सासऱ्यांच्याच शब्दांत. डिझायनरने दोनदा राजीनामा लिहिला आणि दोन्ही वेळा तो सुंदर अक्षरांत लिहिला म्हणून जावईबापूंना फाडवेना. जावईबापूंनी लपूनछपून काही प्रश्न गाळून पाहिले. सासऱ्यांनी दुसऱ्या सकाळी ते नेमके ओळखून परत मागितले. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी वेबसाइट खुली करायचा दिवस आला. दुकानात सगळे आडवे होऊन जमले. पहिली शिडी मानाने रंगवाल्याने घ्यायची असं ठरलं. त्याने वजन घातलं, पट्ट्याचं भोक घातलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली की या दोन उत्तरांचा मेळ बसत नाही, कृपया दुकानात यावे. रंगवाल्याने सर्वांसमोर पोट आत घेतलं, पण वेबसाइटला ते दिसत नव्हतं. मग सासूबाई बसल्या. शिडी धरायला कोण, यावर त्यांनी अभिमानाने 'आमचे हे' असं लिहिलं. पुढचा प्रश्न होता, हाक मारल्यावर तो माणूस लगेच येतो का? सासूबाईंनी चष्मा वर केला, क्षणभर विचार केला आणि 'नाही' वर टिचकी मारली. तुम्ही चढू नका, असं उत्तर आलं. सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे खूश होते. "बरोबर सांगतेय," ते म्हणाले.

शेवटी अब्रू वाचवायला जावईबापू स्वतः बसले. सगळे प्रश्न त्यांना पाठ होते, सगळी उत्तरं त्यांनी मोजून मापून दिली. एक प्रश्न मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. दिवसातला बहुतेक वेळ तुम्ही बसून असता का? खोटं लिहायची सोय नव्हती, सगळं सासर मागे उभं होतं. त्यांनी 'हो' म्हटलं. वेबसाइट म्हणाली, आधी जिन्यावर सराव करा, मग शिडीचं बघू. मौनीबाबा चपला शोधत बाहेर गेला. जावईबापूंना आयुष्यात अनेकांनी नाकारलं होतं, पण स्वतःच्या हाताने घडवलेल्या वस्तूने नाकारल्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांना रात्री जेवण गेलं नाही.

त्यानंतर वेबसाइटवरून एकही शिडी विकली गेली नाही. माणसं यायची, प्रश्न वाचायची, नकार घ्यायची आणि जायची. सासरे दिवसभर पडद्यासमोर बसून नाकारलेल्या माणसांची उत्तरं वाचायचे आणि समाधानाने मान हलवायचे. हा ओल्या फरशीवर चढणार होता. हिला चक्कर येते. याचा भाऊ याच्याशी बोलत नाही. दुकानाकडे त्यांचं लक्ष राहिलं नाही. जावईबापूंचं मात्र डोकं उठलं. असली वेबसाइट कोणाला दाखवायची कशी? आमची कंपनी विक्री शून्यावर आणून देते, असं पाटीवर लिहायचं? भीक नको पण कुत्रं आवर अशी त्यांची गत झाली. त्यांनी मनाशी ठरवलं की आज काय ते बोलून टाकायचं. एक तर निम्मे प्रश्न काढा, नाहीतर रंगवाल्याचा भाचा शोधा. वाटेभर त्यांनी वाक्यं जुळवली. वाक्यं स्वाभिमानी होती, आदर राखणारी होती आणि मुख्य म्हणजे छोटी होती.

दुकानाच्या दारातच सासरे शिडीचं एक टोक उचलून उभे होते.

"बरं झालं आलात. मागचं टोक धरा."

"बाबा, मला जरा बोलायचं—"

"चालता चालता बोला."

शिडीचं मागचं टोक धरून स्वाभिमानी वाक्यं बोलता येत नाहीत, हे जावईबापूंना पहिल्याच वळणावर कळलं. पुढचा माणूस वळला की मागच्याला रस्ताभर झोका घ्यावा लागतो. एका सायकलवाल्याने शिवी दिली, ती न्यायाने सासऱ्यांना जायला हवी होती. शेवटी धापा टाकत त्यांनी विचारलं, कुठे चाललोय? सासऱ्यांनी मागे न बघता सांगितलं. एका बाईंनी वेबसाइटवर शिडी मागितली होती. धरायला कोण आहे, यावर त्यांनी 'कोणी नाही' लिहिलं. वेबसाइटने सांगितलं, तुम्ही चढू नका. मग त्यांनी दुकानात फोन केला आणि विचारलं, मग मी काय करायचं?

"मला उत्तर देता येईना," सासरे म्हणाले. "मग म्हटलं, जाऊन येऊ."

बाई तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. निवृत्त शिक्षिका, ताठ, नीट विंचरलेले पांढरे केस. जिना अरुंद, शिडी लांब, आणि प्रत्येक वळणावर जावईबापू भिंत आणि शिडी यांच्यामध्ये. स्वयंपाकघरातल्या खिडकीची वरची झडप लागत नव्हती, तिथून कबुतरं आत येत होती. त्यांतलं एक त्या क्षणीही फ्रिजवर बसलेलं होतं आणि कोणाचीच भीडभाड न ठेवता सगळ्यांकडे बघत होतं.

सासऱ्यांनी फरशी पायाने घासून पाहिली, शिडी टेकवली, कोन बघितला. मग म्हणाले, "धरा." सासरे या वयात वर चढणार आणि जावईबापू खाली उभे राहणार. त्यांनी दोन्ही हातांनी शिडी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

"मला रागच आला होता ती वेबसाइट बघून," बाई म्हणाल्या. "शिडी घ्यायची तर शंभर चौकशा. पण धरायला कोण आहे असं विचारलं ना, तिथे मी बराच वेळ थांबले. असं कोणी विचारतच नाही हो. सगळे विचारतात, काही लागलं तर सांगा."

असल्याच प्रश्नांविरुद्ध जावईबापूंनी आलेख काढला होता, हे सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांना एकदम लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

सासरे वर झडपेशी झटत होते. जुना रंग बसून ती घट्ट झाली होती. बाईंनी खाली उभ्या असलेल्या माणसाकडे निरखून पाहिलं. घामाने भिजलेला शर्ट, खांद्यावर शिडीची धूळ.

"हे तुमच्या दुकानातले वाटतं?"

जावईबापूंनी तोंड उघडलं, पण वरून उत्तर आधी आलं.

"छे छे. माझे जावई. वेबसाइटचं काम करतात."

जावईबापूंनी मान वर केली. चढणाऱ्याने समोर बघायचं असतं, तसे सासरे समोरच बघत होते. आवाज नेहमीचाच होता, झडप हाणत होते आणि बोलत होते.

"साधंसुधं नाही, फार कटकटीचं काम आहे. दर पायरीला गिऱ्हाइकाला विचारावं लागतं, आणि गिऱ्हाईक मेलं काही केल्या ऐकत नाही."

जावईबापूंना हसावं की रडावं ते कळेना. दोन्ही हात शिडीत गुंतले होते, नाहीतर त्यांनी कपाळाला हात लावला असता.